नळीखालचे सत्तर मिलिमीटर: मोडाच्या ज्वारीसाठी केलेल्या एका ड्रायरचं प्रकरण

सप्टेंबरातली दुपार होती. वीज गेली आणि चार मिनिटांत परत आली. शेडमधले दिवे लागले, ब्लोअर घुमायला लागला, पण यंत्रातलं दाण्यांचं कारंजं काही उठेना. आत सोळा किलो मोड आलेली ज्वारी, ओली आणि गरम, घट्ट बसून राहिलेली. ताईंनी वरचं झाकण उघडलं, बाह्या सरसावल्या आणि स्टीलच्या तांब्याने ज्वारी उपसायला सुरुवात केली. यंत्र मी डिझाइन केलेलं, आणि ते रिकामं करायला तांब्या लागत होता. मिस्त्री शेजारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "सर, लाइट गेली की असंच करायचं का ओ?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे काही झालं, ते इथे लिहितो आहे.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ताईंचा छोटा उद्योग आहे. मंगळवेढ्याची मालदांडी आणायची (त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं), दिवसभर भिजवायची, गोणपाटाखाली तीन दिवस मोड आणायचे, वाळवायची, मुळं चोळून काढायची आणि दळायची. लहान मुलांच्या खिरीसाठी आणि आंबिलीसाठी हे पीठ जातं. एप्रिल-मेमध्ये यंत्राची गरजच नसते. सोलापूरला ऊन कमी पडतं अशी तक्रार कुणी केलेली मी अजून ऐकलेली नाही. सकाळी गच्चीवर पसरलं की संध्याकाळी खडखडीत. पण सप्टेंबर हा इथला सर्वांत जास्त पावसाचा महिना, आणि नेमकी तेव्हाच सणांमुळे मागणी वाढते. ट्रे ड्रायर होता. त्यात बारा तास लागायचे आणि दर तासाला कुणीतरी हाताने परतायला लागायचं. न परतलेल्या कोपऱ्यांना आंबूस वास यायचा.

मुळं काढणं ही नुसती दिसण्याची बाब नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात आणि मुळांत धुरिन असतं, आणि त्यातून विषारी हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती यामुळेच. आमच्या जिल्ह्यात हे कुठल्याही गुराख्याला सांगायला लागत नाही. तेव्हा मोडाची ज्वारी वाळवायची तर मुळं-कोंब झडतील अशा तऱ्हेने वाळवायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. दुसरी अट तापमानाची. दाणा ओला असताना पन्नास अंशांच्या वर तापला तर मोडामुळे तयार झालेली, पिठाची साखर करणारी द्रव्यं मरतात आणि मग मोड आणण्याला अर्थच उरत नाही.

या दोन अटी ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा स्पाउटेड बेडच आला. आमच्या शेडमध्ये त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात "कारंजं" पडलं, म्हणून पुढे तेच वापरतो. तळाशी शंकू असलेला उभा दंडगोल, शंकूच्या टोकाला हवेची एकच तोटी. हवा मधोमध दाण्यांतून भोक पाडत वर जाते, दाणे घेऊन वर उसळते, दाणे कडेला पडतात आणि कडेकडेने हळूहळू खाली सरकत पुन्हा तोटीपाशी येतात. ही कल्पना गव्हातूनच निघाली. १९५० च्या दशकात ओटावाला कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये माथुर आणि गिशलर ओला गहू वाळवण्याच्या मागे होते. बारीक भुकटी हवेवर छान तरंगते, पण गव्हासारख्या जाड दाण्यांत मोठे बुडबुडे येतात आणि सगळा थर धक्के खातो. एकाच तोटीतून जोरात हवा सोडली तर मात्र दाणे शिस्तीत फिरतात, हे त्यांना दिसलं आणि १९५५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांचं सूत्र आजही पहिल्या अंदाजाला वापरतात.

मीही तेच वापरलं. दंडगोल ३०० मिमी व्यासाचा, तोटी ५० मिमी, शंकूचा कोन ६० अंश, थराची उंची ४५० मिमी, दाणा साधारण ४ मिमी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे गरम केलेली हवा घनमीटरला जेमतेम एक किलो भरते. सूत्रातून दंडगोलातल्या हवेच्या किमान वेगाचा आकडा आला सेकंदाला सुमारे ०.८ मीटर, म्हणजे तासाला २०० घनमीटर हवा. तोच सगळा थर तरंगवायचा म्हटलं तर किमान ३३० लागली असती. गणित माझ्या बाजूने होतं. १ एचपीचा ब्लोअर घेतला, दाब ३०० मिमी पाण्याचा, म्हणजे तेवढ्या उंचीचं पाणी तोलून धरेल इतका.

चूक इथे झाली. कारंजं एकदा सुरू झाल्यावर त्याला दाब कमी लागतो. आमच्याकडे कोरड्या ज्वारीवर मॅनोमीटर, म्हणजे दाब दाखवणारी पाण्याची काचनळी, २२० च्या आसपास थांबायचा. पण थराला पहिल्यांदा भोक पाडताना लागणारा दाब त्याहून बराच जास्त असतो, सगळ्या दाण्यांच्या वजनाइतका किंवा त्याच्याही वर. आमच्या थराचं वजनच ३४० मिमी पाण्याएवढं होतं. त्यात हीटर आणि पाइपात तीस-चाळीस जाणार. म्हणजे भरलेला थर तो ब्लोअर कधीच फोडू शकणार नव्हता. हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण चाचणीच्या दिवशी आम्ही ब्लोअर चालू ठेवून वरून थोडी थोडी ज्वारी ओतत गेलो आणि कारंजं सुंदर उठलं. वीज गेली त्या दुपारी पहिल्यांदा भरलेला थर शून्यातून उठवायची वेळ आली.

मोठा ब्लोअर घ्या, हा सरळ उपाय होता. ताईंनी तो एका वाक्यात निकालात काढला: "सर, हाच हप्त्यावर आहे."

दुसरा उपाय म्हणजे मधली नळी, जिला ड्राफ्ट ट्यूब म्हणतात. तोटीच्या बरोबर वर, थोडं अंतर सोडून, एक उभी नळी टांगायची. तिचं वरचं तोंड थराच्या वर काढायचं. आता हवेला भोक पाडायचं कामच उरत नाही, भोक आधीच आहे. दाणे नळीच्या खालच्या फटीतून आत ओढले जातात, नळीतून वर उडतात, कडेने उतरतात. साध्या कारंज्यात दाणा अर्ध्या वाटेवरूनही मधल्या झोतात घुसू शकतो; नळी लावली की ती चोरवाट बंद. प्रत्येक दाण्याला तळापर्यंत उतरावंच लागतं, त्यामुळे सगळे सारखे वाळतात. थर किती उंच चालेल यावरची मर्यादाही बरीचशी सुटते. औषधाच्या गोळ्यांवर लेप चढवायला असाच मधल्या नळीचा प्रकार वापरतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डेल वुर्स्टर यांनी तो १९५० च्या दशकात काढला, आणि औषध कारखान्यांत आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

चिंचोळी एमआयडीसीतून दोन इंची स्टेनलेसचा तुकडा आणला, आतला व्यास ५२ मिमी, लांबी ४०० मिमी. हवेत ज्वारीचा एक दाणा नुसता तोलून धरायला सेकंदाला बारा मीटरच्या पुढे वेग लागतो. एवढ्या नळीत तो वेग तासाला ९५ घनमीटर हवेत मिळतो. दाण्यांचा लोंढा वर न्यायचा तर अर्थातच जास्त. प्रत्यक्षात कोरड्या ज्वारीवर १३० ला कारंजं बिनतक्रार चाललं. दाब शंभराच्या आसपास. ब्लोअर बंद केला, पाच मिनिटं थांबलो, सुरू केला. नळी तळाला थोडी भरली होती, ती खळकन मोकळी झाली आणि दाणे उसळले. तोटीवर २ मिमीची जाळी आधीच बसवून घेतली होती, नाहीतर बंद करताच ज्वारी पाइपातून हीटरवर गेली असती. मिस्त्रीने समाधानाने बिडी काढली आणि ताईंनी ती परत खिशात ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी मोडाची ज्वारी भरली. सात तास लागले.

सात तास हे बारापेक्षा कमीच, पण मला चार अपेक्षित होते. संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला तेव्हा लाज वाटली. सोळा किलो मालात ४५ टक्के पाणी, ते ११ टक्क्यांवर आणायचं म्हणजे सहा किलो पाणी उडवायचं. हवा ६० अंशांना आत जाते आणि ३५ च्या आसपास बाहेर पडते. तासाला १३० घनमीटर हवा एवढ्या उतारात फार तर सव्वा-दीड किलो पाणी उचलते. २०० घनमीटर असती तर दोन किलोच्या वर. मी हवा वाचवली म्हणून खूश होतो, पण पाणी हवाच नेते. नळीने ब्लोअरचं ओझं कमी केलं आणि वाळवण्याचं बळही तेवढंच कमी केलं. शिवाय साध्या कारंज्यात मधल्या झोतातली बरीच हवा वाटेत कडेच्या दाण्यांत झिरपते. भरीव नळी ती झिरप अडवते. कडेचे दाणे हवेशिवाय नुसते उतरत राहतात.

पण याचीच दुसरी बाजू कामाला आली. नळीत दाणा पाव सेकंदही नसतो. मग मिनिटभर, कधी त्याहून जास्त, तो कडेने निवांत उतरतो. तेवढ्यात आतलं पाणी सालीपाशी येतं आणि पुढच्या फेरीत उडतं. म्हणजे चटका क्षणाचा आणि विसावा मिनिटाचा. ओला असेपर्यंत दाणा ३५-३६ अंशांच्या वर जातच नाही, कारण उडणारं पाणी त्याला गार ठेवतं. मग हवा ६० चीच का? पहिले दोन तास ८० अंश ठेवले. दाण्याचं तापमान पाहायला कडेच्या भागातून मूठभर ज्वारी काढून थर्मासमध्ये टाकायची आणि थर्मामीटर खुपसायचा, ही ताईंची युक्ती. माझ्या महागड्या प्रोबपेक्षा तिचे आकडे भरवशाचे निघाले. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला की हवा ५५ वर आणायची. वेळ साडेचार तासांवर आला.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. खरी डोकेदुखी यानंतर आली, आणि ती नळीची नव्हती, नळीखालच्या फटीची होती.

तिसऱ्या दिवशीच्या मालाची मुळं लांब होती, दोन-अडीच सेंटिमीटर. अर्ध्या तासात कारंजं बारीक झालं, मग नुसतेच चार दाणे उडायला लागले. मॅनोमीटर पाहिला: शंभरावरून तीस-पस्तीसवर. दाब पडला म्हणजे ब्लोअर गेला, असं मी ठामपणे सांगितलं. पट्टा तपासला, पंखा उघडला, मोटरचा करंट मोजला. अर्धा दिवस त्यात गेला. ब्लोअर ठणठणीत होता. शेवटी मिस्त्रीने शंकूवर लाकडी हातोडी मारली आणि आतून ओल्या गोधडीसारखा एक गठ्ठा सुटला. कारंजं भसकन उठलं आणि मॅनोमीटर परत शंभरावर.

मी उलटा विचार करत होतो. तोटी तुंबली तर दाब वाढतो, हे बरोबर. पण इथे तोटी मोकळी होती. तुंबली होती ती कडेच्या दाण्यांची नळीत शिरायची फट. नळीला दाणेच मिळत नव्हते, त्यामुळे रिकाम्या नळीतून हवा सुखाने निघून जात होती आणि दाब आपोआप पडत होता. तेव्हापासून मॅनोमीटरच्या काचनळीवर ५० च्या खुणेला लाल दोरा बांधला आहे. पाणी दोऱ्याखाली गेलं की ब्लोअरकडे बघायचं नाही, फटीकडे बघायचं.

फट त्या वेळी ४० मिमी होती. दाण्याच्या दहापट, म्हणून मी ती पुरेशी धरली होती. कोरड्या दाण्याला ती पुरेशी होतीच. पण मुळांनी एकमेकांत अडकलेल्या ज्वारीत "दाणा" म्हणजे एक दाणा राहत नाही, दोन-तीन सेंटिमीटरचा गुंता हाच दाणा होतो, आणि त्याच्या हिशेबाने ४० मिमी म्हणजे काहीच नाही.

मग नळी आट्यांच्या सळईवर टांगली, वरून फिरवून फट कमी-जास्त करता येईल अशी, आणि दंडगोलाच्या एका बाजूला ॲक्रिलिकची पट्टी बसवून घेतली. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले पन्नासेक दाणे वरून सोडायचे आणि पट्टीमागे एखादा पिवळा दाणा दिसला की मोबाइलवर वेळ लावायची. हा खेळ आम्ही दोन दिवस खेळलो. कोरड्या ज्वारीवर, हवा तीच ठेवून, फट ४० असताना दाण्याला वरून तळाशी यायला दोन मिनिटांच्या आसपास लागायची. ७० ला सव्वा मिनिट. नळी काढून टाकली आणि हवा २०० केली तर चाळीस-पन्नास सेकंद. फट वाढवली की नळीत दाणे जास्त शिरतात, पण त्याबरोबर तोटीतली हवाही फटीतून कडेला जास्त पळते. ९० ला कारंजं डुलायला लागलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मधूनच बसायचं. हवा नळीत शिरायच्या आधीच पसरत होती. म्हणजे नळी किती रुंद, किती लांब यावर मी कागद काळे केले होते, आणि यंत्राचा सगळा स्वभाव ठरवत होती ती तिच्याखालची रिकामी जागा. दाणे किती फिरतील, कडेच्या दाण्यांना हवा किती मिळेल, सगळं तिथेच वाटलं जात होतं.

ओल्या मोडाच्या ज्वारीला ७० बरोबर बसली. तरी लांब मुळांचा माल थेट भरला तर अधूनमधून अडकायचाच. त्यावरचा उपाय यंत्रात नव्हता. ज्वारी आधी तासभर जुन्या ट्रे ड्रायरमध्ये ठेवायची, वरचं पाणी सुकलं की मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने मोकळी करायची आणि मग भरायची. ट्रे ड्रायर भंगारात द्यायचा विचार मी केला होता. बरं झालं, ताईंनी ऐकलं नाही.

मध्ये एक आडवाटही झाली. स्पेनमधल्या बास्क विद्यापीठातली मंडळी भरीव नळीबरोबर जाळीदार आणि बाजूने उघड्या नळ्यांवर बरंच काम करतात. जाळीदार नळीतून हवा कडेला झिरपते, म्हणजे कडेचे दाणेही वाळतात. बदल्यात हवा थोडी जास्त लागते. आमच्या नळीच्या खालच्या भागाला २ मिमीची भोकं पाडून घेतली. पहिल्या घाण्याला वेळ जवळपास अर्ध्या तासाने कमी झाला. चौथ्या घाण्यापर्यंत प्रत्येक भोकात मुळांचे तंतू अडकून नळी खरवडीसारखी झाली होती. टाचणीने भोकं मोकळी करत बसलेल्या दोघी मावश्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर भरीव नळी परत चढली. गव्हाला किंवा नुसत्या भिजवलेल्या धान्याला मी अजूनही जाळीदार नळीच सुचवेन. मोडाला नाही.

मुळांचा प्रश्न मात्र नळीने फुकटात सोडवला. ओलावा पंधरा टक्क्यांच्या खाली गेला की मुळं ठिसूळ होतात. नळीत दाण्यावर दाणा घासतो, वर उसळून झाकणाखालच्या पत्र्यावर आपटतो आणि मुळं गळतात. हलकी असल्यामुळे हवेबरोबर बाहेर जातात. सुरुवातीला बाहेरच्या तोंडाला पॉवरलूमवाल्याकडून आणलेल्या मांजरपाटाची लांब पिशवी बांधली होती. तासाभरात ती सदऱ्यासारखी फुगायची आणि शेडभर तांबूस भुसा उडायचा. आता छोटा सायक्लोन आहे, हवा गोल फिरवून तिच्यातला भुसा वेगळा करणारा. त्यातला भुसा जनावरांना घालत नाही. ते सांगायची गरज ताईंना नव्हती, मला त्यांनी सांगितलं.

एका गोष्टीची किंमत मोजावी लागली. शेवटच्या तासात, ज्वारी कोरडी आणि गुळगुळीत झाल्यावर, ७० च्या फटीतून दाणे भराभर शिरतात, पत्र्यावर जोरात आपटतात आणि टोकं फुटतात. पिठासाठी फुटका दाणा चालतो, पण फुटक्याचा रवा सायक्लोनमध्ये जातो आणि तेवढा माल कमी भरतो. म्हणून शेवटी फट ४५ वर आणायची: दाणे कमी शिरतात, सावकाश फिरतात, तुटत नाहीत. मुळं तोवर गळालेली असतात, त्यामुळे अडकायची भीती नाही. झाकणाखालच्या पत्र्याला टायरच्या ट्यूबच्या रबराचं अस्तर लावून पाहिलं. गरम हवेत दोन दिवसांत त्याचा वास पिठाला लागला, काढून टाकलं. फूट अजून पूर्ण थांबलेली नाही.

आता ताईंना दिवसाला शंभर किलो करायचं आहे आणि याच यंत्राची मोठी आवृत्ती हवी आहे. मी नको म्हटलं. व्यास दुप्पट केला की हवा किती लागेल याचं तीनशे मिमीवरचं सूत्र भरवशाचं राहत नाही, आणि शंकूच्या कडेला न हलणारा ढीग साचायला लागतो. मोडाच्या ज्वारीत असा ढीग म्हणजे आंबूस वास परत आला. त्याऐवजी अशीच आणखी दोन उभी करायची, तिन्हींना हवा एकाच मोठ्या ब्लोअरमधून आणि प्रत्येकाला स्वतंत्र झडप. जुन्या ब्लोअरचे चार हप्ते राहिलेत, ते संपले की.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा सळईवर फटीच्या खुणा पाहिल्या. मी पंचने दोन मारल्या होत्या, ७० आणि ४५. त्यांच्यामध्ये खिळ्याने ओरखडलेली एक तिसरी होती, साधारण ५८ वर. विचारलं तर ताई म्हणाल्या, "ती दुसऱ्या तासाची. मुळं अर्धी गळाली की एकदम पंचेचाळीसवर न्यायचं नाही, मध्ये थांबायचं." मी वहीत तो आकडा लिहून घेतला.